टोकनावर गाव वाचता येतं, पण कॅटलॉगात सापडत नाही: काय तपासायचं?

तांब्याची जुनी चकती. एका बाजूला जहाज किंवा कुणाचा तरी चेहरा, दुसऱ्या बाजूला 'हाफपेनी' हा शब्द, 1790 च्या आसपासचं साल आणि एका इंग्लिश गावाचं नाव, अगदी स्पष्ट. कॅटलॉग उघडून ते गाव काढावं तर तिथं हे टोकन नसतं. किंवा असतं, पण नंबर ठरत नाही, कारण एकाच चित्राखाली ओळीनं नोंदी असतात आणि त्यांच्यात फरक काय तेच कळत नाही. ब्रिटिश ट्रेड टोकनं, म्हणजे दुकानदार-कारखानदारांनी स्वतःच्या नावानं पाडलेली खासगी चिल्लर, गोळा करायला लागलेल्या बहुतेकांना ही अडचण येते, मग तो लेस्टरला राहून रविवारी कार बूट सेलच्या (गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तो बाजार) खोक्यांत हात घालणारा असो की पुण्यात बसून लंडनच्या ऑनलाइन लिलावात बोली लावणारा.

बहुतेक वेळा उत्तर दोन्ही बाजूंवर नसतंच. ते कडेवर असतं. आणि ओळख पटवून द्या म्हणून जे फोटो येतात त्यांत नेमका कडेचा फोटो नसतो.

आधी काळ ठरवा

कडेकडे वळण्याआधी टोकन कुठल्या लाटेतलं आहे ते बघा, कारण प्रत्येक लाटेचा कॅटलॉग वेगळा. टोकनं निघण्याचं कारण मात्र दर वेळी एकच होतं: सुट्ट्या पैशांची टंचाई. सरकार पुरेशी चिल्लर पाडत नव्हतं, आणि दुकानदाराला, खाणमालकाला, कारखानदाराला रोजच्या व्यवहारासाठी आणि मजुरीसाठी सुटे तर लागतच होते. मग त्यांनी स्वतःच्या नावानं पाडून घेतले.

पहिली लाट 1648 ते 1672 ची. पातळ, लहान, करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी फार्दिंग (पाव पेनी) आणि तिच्याहून जरा मोठी हाफपेनी. 1672 मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं तांब्याची अधिकृत हाफपेनी आणि फार्दिंग काढून खासगी टोकनं बंद पाडली. दुसरी लाट 1787 ते 1797. शाही टांकसाळीनं 1775 नंतर तांबं पाडणं थांबवलं होतं आणि बाजारात खोट्या हाफपेन्यांचा सुळसुळाट झाला होता. 1787 मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीनं (त्या दुसऱ्या पॅरिसशी काही संबंध नाही) स्वतःच्या खाणीतल्या तांब्याची पेनी काढली. ओकच्या पानांच्या चक्रात दाढीवाल्या ड्रुइडचं (प्राचीन केल्टिक पुरोहिताचं) डोकं आणि 'धारकास एक पेनी देण्याचं वचन' असा मजकूर. मग गावोगावी टोकनं निघाली. 1797 मध्ये मॅथ्यू बोल्टननं बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या सोहो टांकसाळीत सरकारसाठी जाडजूड 'कार्टव्हील' पेनी पाडली, तिथून ही लाट ओसरली. तिसरी लाट 1811 पासून 1817 च्या कायद्यानं बंदी येईपर्यंत. हिच्यात तांब्याच्या पेन्या जास्त, शिवाय चांदीचे शिलिंग आणि सिक्सपेन्स. बंदीतून बर्मिंगहॅम आणि शेफील्डच्या वर्कहाऊसना (गरिबांना काम आणि आसरा देणाऱ्या संस्थांना) तेवढी मुदत वाढवून मिळाली.

साल छापलेलं नसेल तर व्यास आणि वजन घ्या. 17 मिलिमीटरच्या आत आणि कागदासारखं पातळ असेल तर सतराव्या शतकाकडे जा. 28 ते 30 मिलिमीटर असेल तर अठराव्या शतकातली हाफपेनी. 34 च्या आसपासची पेनी मात्र अठराव्या किंवा एकोणिसाव्या, दोन्ही शतकांतली असू शकते. यापुढचं बहुतेक लिखाण दुसऱ्या लाटेबद्दल आहे, कारण गोंधळ तिथंच सगळ्यात जास्त होतो.

जिल्हा आजचा बघू नका

अठराव्या शतकाच्या टोकनांसाठी सगळे जण डाल्टन आणि हेमर यांचा कॅटलॉग वापरतात. तो 1910 ते 1918 या काळात भागाभागानं छापला गेला आणि लिलावाच्या याद्यांमध्ये आजही त्याचेच नंबर असतात. त्याची मांडणी काउंटीनुसार, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांनुसार, आहे आणि प्रत्येक काउंटीत नंबर पुन्हा एकपासून सुरू होतो. त्यामुळे विक्रेत्यानं नुसता '25' लिहिला असेल आणि काउंटी लिहिली नसेल तर तो नंबर निरुपयोगी.

खरी गोम अशी की या काउंट्या जुन्या आहेत. नकाशा उघडून कॉव्हेंट्री शोधलंत तर ते वेस्ट मिडलंड्समध्ये दिसतं, पण ही काउंटी 1974 ची. कॅटलॉगात कॉव्हेंट्री वॉरिकशरमध्ये आहे, बर्मिंगहॅमही तिथंच. मँचेस्टर लँकाशरमध्ये. ब्रिस्टल सॉमरसेटमध्ये. लंडन आणि वेस्टमिन्स्टर मिडलसेक्सखाली. गाव सापडत नसेल तर निम्म्या वेळा एवढंच कारण असतं.

दुसऱ्या निम्म्या वेळा कॅटलॉगवाल्यांनीच टोकन भलतीकडे टाकलेलं असतं. याचं ठळक उदाहरण म्हणजे जॉन विल्किन्सन. लोखंडाचा मोठा कारखानदार, टोकनावर स्वतःचा चेहरा छापून घेणारा आणि भोवती 'आयर्न मास्टर' असं लिहवून घेणारा. त्याच्या टोकनाच्या कडेवर चार नावं आहेत: विली, स्नेड्सहिल, बर्शम, ब्रॅडली. हे त्याचे कारखाने. पहिले दोन श्रॉपशरमध्ये, बर्शम वेल्समध्ये, ब्रॅडली स्टॅफर्डशरमध्ये. यांपैकी कुठंही शोधा, विल्किन्सन मिळणार नाही. तो वॉरिकशरमध्ये आहे, कारण टोकनं बर्मिंगहॅमला पडली. काउंटी देताना नियम धरला नाही की काय, असा प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. वॉशिंग्टनचं चित्र असलेली 'लिबर्टी अँड सिक्युरिटी' पेनी मिडलसेक्समध्ये सापडते, हे कळल्यावर तर हात टेकावे लागतात. कुठल्याच गावात बसत नाहीत अशा टोकनांसाठी 'नॉट लोकल' असा वेगळा विभाग आहे. तो बघितल्याशिवाय 'कॅटलॉगात नाही' असं जाहीर करू नका.

आता कड

हाफपेनीचं टोकन म्हणजे हुंडीच. 'हे घेऊन या, मी खरे पैसे देईन' असं वचन. पैसे कुठं मिळणार, कोण देणार, हे अनेकदा कडेवर खोलगट अक्षरांत लिहिलेलं असतं. कॉव्हेंट्रीच्या 1792 च्या हाफपेनीवर एका बाजूला घोड्यावरची लेडी गोडायव्हा आणि दुसऱ्या बाजूला पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती. दोन्ही बाजूंवर टोकन काढणाऱ्याचं नाव नाही. ते कडेवर आहे: 'रॉबर्ट रेनॉल्ड्स अँड को. यांच्या वखारीत पैसे मिळतील'. लीड्सच्या 1791 च्या हाफपेनीवर लोकर विंचरणाऱ्यांचा संत बिशप ब्लेझ उभा आहे. कडेवर रिचर्ड पेलीची वखार. लिव्हरपूलच्या जहाजवाल्या टोकनाच्या कडेवर थॉमस क्लार्कची. मॅक्लसफील्डच्या तांबे कारखान्याच्या टोकनावर तीन गावं: मॅक्लसफील्ड, लिव्हरपूल, काँगल्टन.

कॅटलॉगात एकाच चित्राखाली पाच-सात नंबर का, याचं उत्तर हेच. बऱ्याचदा फरक फक्त कडेचा असतो. एकाची कड रेनॉल्ड्सच्या वखारीची, दुसऱ्याची कोरी, तिसऱ्याची तिरप्या रेषांची, चौथ्यावर भलत्याच गावाचं नाव. नंबरासमोर 'कड' म्हणून जे लिहिलंय ते आधी वाचा, चित्रातले बारीक फरक नंतर.

कडेवर भलत्याच गावाचं नाव येतं कसं? कडेची अक्षरं ठसा मारण्याआधीच उठवली जात. कोरी चकती दोन अक्षरवाल्या पोलादी पट्ट्यांमधून लोळवत नेली की कडेवर मजकूर बसायचा आणि मग ती चकती ठशाखाली जायची. म्हणूनच मजकूर कुठूनही सुरू होतो आणि पट्ट्या जुळतात तिथं अक्षरं दुहेरी किंवा अर्धवट दिसतात. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात एका गिऱ्हाइकाच्या चकत्या उरल्या की दुसऱ्याच्या कामाला लागत. 'पेएबल इन लँकास्टर, लंडन ऑर ब्रिस्टल' ही कड अशीच कुठल्या कुठल्या टोकनांवर बसलेली दिसते. 'पेएबल इन अँगलसी, लंडन ऑर लिव्हरपूल' हीही तशीच भटकी. ही दोन वाक्यं कडेवर दिसली तर त्यांवरून गाव ठरवू नका. वखार आणि व्यापाऱ्याचं नाव असलेली कड विश्वासाची. नुसत्या मोठ्या शहरांची यादी असलेली कड संशयाची. ज्याला पैसे द्यायचेच नव्हते त्याला 'लंडनमध्ये मिळतील' एवढं लिहिणं सोयीचं होतं.

कड वाचायची कशी? टोकन अंगठा आणि तर्जनीत दोन्ही कडांवर धरा, खोलीतला दिवा मालवा आणि मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं, जवळजवळ कडेला समांतर धरा. अक्षरं सावलीनं वर येतात. फोटो एका वेळी घेता येत नाही, म्हणून टोकन हळूहळू फिरवत छोटा व्हिडिओ घ्या आणि मग थांबवत थांबवत वाचा. झिजलेल्या कडेवर पूर्ण वाक्य मिळणार नाही, पण 'वेअरहाऊस'ची चार अक्षरं किंवा व्यापाऱ्याच्या नावातलं एखादं अक्षर मिळालं तरी कॅटलॉगातल्या यादीशी लावून बघता येतं. भिंग दहापटीचं असलं की पुरे.

1811 नंतरच्या पेन्यांना मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. त्यांच्या कडा बहुधा तिरप्या रेषांच्याच असतात, तिथं दोन्ही बाजूंचा मजकूर आणि ठशातले फरकच बघावे लागतात.

दोन बाजू एकमेकींच्या ओळखीच्या नसतील तर

कड वाचली, काउंटी बरोबर काढली, तरी टोकन जुळत नाही. एका बाजूला एका गावाची खूण, दुसऱ्या बाजूला ज्याच्याशी तिचा सुतराम संबंध नाही असा पुतळा. हे 'म्यूल', म्हणजे दोन वेगळ्या टोकनांचे ठसे एकत्र लावून पाडलेलं.

हे चुकून होत नव्हतं. 1790 नंतर टोकनं जमवण्याचं वेड इतकं वाढलं की इप्सविचच्या जेम्स कॉन्डरनं 1798 मध्ये त्यांची यादीच छापली. या टोकनांना आजही त्याच्याच नावानं ओळखतात. दुसऱ्याच्या पेटीत नाही असं काही आपल्या पेटीत असावं, ही हौस ओळखून बर्मिंगहॅमचा विल्यम लटविच हवे तसे ठसे जोडून द्यायला लागला. लंडनमधला थॉमस स्पेन्स तर स्वतःच टोकनांचा व्यापारी. हॉबर्नला लिटल टर्नस्टाइलमध्ये त्याचं 'हाइव्ह ऑफ लिबर्टी' नावाचं पुस्तकांचं दुकान होतं, जमीन कुणा एकाची नसून साऱ्या गावाची असावी असं तो मांडायचा आणि त्यापायी तुरुंगातही गेला. त्याची टोकनं म्हणजे चक्क पत्रकं होती. पुढे त्याचे ठसे पीटर स्किडमोरकडे गेले आणि त्यानं ते आपल्या ठशांशी जुळवून आणखी नवी भेळ केली. गुलामगिरीविरुद्धचं प्रसिद्ध टोकन, साखळदंडातला गुडघे टेकलेला माणूस आणि 'मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का' हा प्रश्न, तेही वेगवेगळ्या मागच्या बाजूंसह मिळतं.

इथं उपाय एकच: दोन्ही बाजू स्वतंत्रपणे शोधा. एका बाजूनं सापडलं नाही तर दुसऱ्या बाजूच्या काउंटीत जा. नूनन्ससारख्या लंडनच्या लिलावगृहांचे जुने लिलाव ऑनलाइन शोधता येतात. तिथं दोन्ही बाजूंच्या वर्णनातले दोन-दोन शब्द टाकले की म्यूल बहुधा समोर येतं. स्पेन्सची टोकनं, तसंच स्किडमोर आणि बर्मिंगहॅमच्या पीटर केम्प्सननं काढलेली इमारतींची टोकनं बहुधा कमी झीज घेऊन येतात, कारण ती मुळात पेटीसाठीच पाडली होती. ती बाजारात फिरलीच नाहीत असं समजून चालायला हरकत नाही. माझं मत विचाराल तर घासून गुळगुळीत झालेलं मॅक्लसफील्ड या चकचकीत चर्च-टोकनापेक्षा केव्हाही बरं, पण बाजारभाव माझ्या मताप्रमाणे चालत नाही.

वजन

चित्र जुळतं, कड जवळपास जुळते, पण काम ओबडधोबड वाटतं. अक्षरं हेलकावे खातात, ड्रुइड थोडा बावळट दिसतो. मग वजनकाट्यावर ठेवा. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा पुरतो. पॅरिस माइनची सुरुवातीची पेनी औंसभर, म्हणजे 28 ग्रॅमच्या आसपास असते, आणि हाफपेनी साधारण त्याच्या निम्म्यानं. त्यापेक्षा बरीच हलकी असेल तर ती त्याच काळातली नक्कल असण्याची शक्यता जास्त. टोकनांच्याही खोट्या निघायच्या. विल्किन्सनच्या तर ढिगानं. डाल्टन आणि हेमरनं त्यांतल्या अनेकांना वेगळे नंबर दिले आहेत, तेव्हा नक्कल आहे म्हणून टाकून देऊ नका. ड्रुइडच्या बाबतीत चक्रातल्या ओकच्या फळांची संख्याही मोजावी लागते. कॅटलॉगात उपप्रकार त्यावरूनच पाडले आहेत. कंटाळवाणं काम आहे, पण नंबर हवा असेल तर पर्याय नाही.

सतराव्या शतकातलं गाव: न्यूपोर्ट कुठलं?

पहिल्या लाटेत अडचण उलटी असते. गाव सापडतं, पण चार-पाच ठिकाणी सापडतं. न्यूपोर्ट आइल ऑफ वाइटमध्ये आहे, श्रॉपशरमध्ये आहे, एसेक्समध्ये आहे, मनमथशरमध्येही आहे. ब्रॅडफर्ड यॉर्कशरमध्ये आणि विल्टशरमध्ये. टोकनावर काउंटी असेलच असं नाही.

इथं मालकाचं नाव आणि मधली तीन अक्षरं कामाला येतात. वरचं अक्षर आडनावाचं, खालची दोन नवरा-बायकोच्या पहिल्या नावांची. दुकान दोघांचं होतं, म्हणून टोकनावर दोघंही. वाचताना 'आय' या अक्षराला 'जे' आणि 'व्ही'ला 'यू' समजा, नाहीतर जॉन कधीच सापडणार नाही. मधलं चित्र धंदा सांगतं: साखरेची ढेप असेल तर वाणी, मेणबत्त्या बुडवणारा माणूस असेल तर मेणबत्तीवाला. एवढं हाताशी आलं की विल्यमसनच्या जुन्या कॅटलॉगात किंवा डिकिन्सनच्या 1986 च्या पुस्तकात प्रत्येक न्यूपोर्टखाली ते नाव शोधायचं.

तरीही ठरलं नाही तर टोकन सापडलं कुठं हाच सगळ्यात मोठा पुरावा. ही फार्दिंगं दोन-चार गावांच्या पलीकडे सहसा जात नसत. इंग्लंड आणि वेल्समध्ये शेतात मेटल डिटेक्टरनं सापडलेल्या वस्तूंची नोंद पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे होते, आणि त्यांच्या डेटाबेसमध्ये टोकनं भरपूर आहेत. तिकडं राहणाऱ्या कुणाला थेम्सच्या काठावर शोधायचं असेल तर पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना लागतो, हेही सांगून ठेवतो. ऑनलाइन विकत घेताना 'कुठं मिळालं' हे विक्रेत्याला विचारा. उत्तर बहुधा येत नाही, पण आलं तर नंबर ठरून जातो.

मुळात टोकनच नसेल तर

काही चकत्या कुठल्याच टोकन-कॅटलॉगात सापडत नाहीत, कारण त्या दुसऱ्याच कुळातल्या असतात. पितळी, सॉव्हरिन या सोन्याच्या ब्रिटिश नाण्याएवढी, एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार व 'टू हॅनोव्हर' हे शब्द: पत्त्यांच्या खेळातली खेळचकती. 1837 मध्ये व्हिक्टोरिया गादीवर आली, पण हॅनोव्हर या जर्मन राज्याच्या गादीवर बाईला बसता येत नव्हतं, म्हणून तिचा नावडता काका ड्यूक ऑफ कंबरलंड तिकडं गेला. त्याची ही थट्टा. तिसऱ्या जॉर्जच्या गिनी या सोन्याच्या नाण्यासारखी दिसणारी, पण 'जुन्या चांगल्या दिवसांच्या आठवणीत' असं लिहिलेली पितळी चकती, तीही खेळचकतीच. हाफपेनीसारखी दिसते पण राजाच्या नावाऐवजी 'जॉर्ज रूल्स' किंवा 'ग्लोरियस पेल्यू' असं काहीतरी लिहिलंय? ती कायद्यातून निसटण्यासाठी मुद्दाम मजकूर बदललेली नक्कल. तिच्यासाठी ॲटकिन्सचा 1892 चा कॅटलॉग.

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात 'ब्रिटिश टोकन' म्हणून जे मिळतं त्यात दोन गोष्टी हमखास असतात. एक, तराजू आणि त्यावर फारसी 'अदल', मागं हृदयाच्या आकारात कंपनीची खूण. हे टोकन नव्हे, मुंबई इलाख्यासाठी पाडलेला ईस्ट इंडिया कंपनीचा तांब्याचा पैसा. पण नातं आहे: 1791 आणि 1794 चे हे पैसे बोल्टनच्या त्याच सोहो टांकसाळीत पडले जिथं अनेक इंग्लिश टोकनं पडली, म्हणून काम इतकं रेखीव दिसतं. दुसरी गोष्ट 1818 सालाची, एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना' किंवा 'यूकेएल वन आना'. अशी नाणी कंपनीनं कधीच पाडली नाहीत; ती खूप नंतरची बाजारू पैदास आहे. लाखाला विकली गेली असा व्हिडिओ कुणी पाठवला तरी दहा रुपयांच्या वर जाऊ नका.

मदत मागताना

दोन्ही बाजूंचे सरळ वरून काढलेले फोटो, कडेचा व्हिडिओ, मिलिमीटरमध्ये व्यास, ग्रॅममध्ये वजन. एवढं दिलंत की जाणकार माणूस चटकन उत्तर देतो. फोटोआधी टोकन स्वच्छ करू नका. घरातली तांब्याची भांडी चिंचेनं किंवा पितांबरीनं लख्ख होतात, टोकनाचा मात्र तपकिरी थर जातो आणि त्याबरोबर किंमतही. शिवाय घासल्यानं कडेची अक्षरं आणखी बोथट होतात. चिकट मळ असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून मऊ ब्रश, बस. हिरवी भुकटी पडत असेल तर ते टोकन बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून आधी बाहेर काढा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. नंबर पक्का झाला की पाकिटावर काउंटी, नंबर आणि कडेचा मजकूर असं तिन्ही लिहा.